भांडवलाआधी मार्गदर्शक

नव्या उद्योगाची चर्चा निघाली की भांडवलाचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. तो अस्थानी नाही. परंतु वस्तू कोण विकत घेणार, कोणत्या किमतीला, आणि हिशेब कोण ठेवणार, हे खडसावून विचारणारा अनुभवी माणूस तरुण उद्योजकाजवळ बहुधा नसतो. त्याची उणीव पैशाने भरून निघत नाही.

‘अ‍ॅपल’चेच उदाहरण घ्या. १९७६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील लॉस आल्टोस येथल्या एका गॅरेजमध्ये माइक मार्कुला आला. वय अवघे ३४. ‘इंटेल’च्या समभागांवर गडगंज होऊन तो निवृत्तही झालेला. समोर २१ वर्षांचा स्टीव्ह जॉब्ज आणि २६ वर्षांचा वॉझ्निअ‍ॅक. मार्कुलाने अडीच लाख डॉलरच्या पतपुरवठ्याची हमी घेतली, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी त्याने या दोघांबरोबर बसून व्यवसायाचा आराखडा रचला आणि नोकरी न सोडणाऱ्या वॉझ्निअ‍ॅकला दोहोंपैकी एक निवडायला लावले. अननुभवी जॉब्जच्या हाती कारभार न देता मायकेल स्कॉट हा व्यवस्थापक आणला. ग्राहकाच्या भावना ओळखा, मोजक्याच गोष्टींवर लक्ष द्या, वस्तूचे बाह्य रूपही नीटनेटके ठेवा, असे एका पानात लिहून दिले.

त्याहून बोलका प्रसंग पुढचा. मार्कुलाने घरखर्चाच्या हिशेबासाठी त्या संगणकावर स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. तो कॅसेटवरून चढायला फार वेळ लागे. त्याने तक्रार केली, आणि त्या तक्रारीतून १९७८ चा डिस्क ड्राइव्ह जन्मला.

अर्थात मार्गदर्शक भागधारक असला की त्याची निष्ठा संस्थापकापेक्षा कंपनीशी असते. १९८५ च्या संघर्षात मार्कुला जॉब्जच्या विरुद्ध उभा राहिला. ही मर्यादा आरंभीच स्पष्ट केलेली बरी.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत २००४ साली ‘साइन’ हे उद्योगसंवर्धन केंद्र उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना आली. जागा आणि निधी यांची सोय अशी वाढत आहे. अनुभवी माणसांचा वेळ मात्र दुर्मीळच आहे. पुण्या-नाशकात निवृत्त अभियंते, बँक अधिकारी, लेखापाल घरोघरी आहेत. सल्ला देण्यापूर्वी त्यांनी त्या तरुणाची वस्तू निदान एक आठवडा स्वतः वापरून पाहावी.