पिकअप गाडीचे प्लास्टिक आणि त्यावरील रंग

(मालवाहू गाड्यांचे मालक, चालक आणि गॅरेजमधील कारागीर यांच्यापुढे केलेले भाषण)



बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्यात आणणाऱ्या पिकअप गाड्या पहाटे बाजारात उभ्या असतात, तेव्हा जाणकाराला गाडीचे वय पत्र्यापेक्षा तिच्या प्लास्टिकवरून लवकर कळते. बंपर, चाकांवरच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या हे भाग नवे असताना काळेभोर असतात. काही उन्हाळे गेले की ते राखाडी आणि पुढे पांढुरके होतात. मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो, रंगारी काळ्या रंगाचे दोन हात मारतो, गाडी पुन्हा नवी दिसते; आणि पुढच्या पावसाळ्यात त्या रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. मग दोष रंगाला दिला जातो, क्वचित रंगाऱ्याच्या प्रामाणिकपणालाही. वास्तविक बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो.

हे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात. इटलीतील शास्त्रज्ञ जूल्यो नात्ता यांनी १९५४ साली ते स्फटिकरूपात तयार केले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व कार्ल त्सीग्लर यांना विभागून मिळाले. हलके, चिवट, आम्लाला न जुमानणारे असे हे द्रव्य. परंतु त्याचा पृष्ठभाग मेणासारखा. त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, तसाच रंगही पसरून धरत नाही. त्यात उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि वर भुकटीचा थर येतो. बोट फिरवले तर पांढरे लागते ते हेच. अशा भुकटीवर दिलेला रंग म्हणजे धुळीवर घातलेले सारवण होय.

म्हणून प्रथम प्लास्टिकची जात ओळखावी. भाग काढून उलटा केला की मागे रोमन अक्षरे कोरलेली आढळतात. 'पीपी' असेल तर पॉलिप्रॉपिलीन. 'ईपीडीएम' जोडलेले असेल तर त्यात रबर मिसळलेले आहे. 'एबीएस' असेल तर जात निराळी, आणि तिच्यावर रंग पुष्कळ सहज बसतो. तुकडा पाण्यात टाकून पाहण्याची जुनी रीत आहे. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते. परंतु बंपरच्या प्लास्टिकमध्ये पुष्कळदा शंखजिऱ्याची पूड घातलेली असते व तेही बुडू शकते. तेव्हा अक्षरांवरच विश्वास ठेवलेला बरा.

खरे काम रंगापूर्वीचे आहे. साबणाच्या पाण्याने व ब्रशाने खरखरीत नक्षीतला मळ काढावा, आणि एकदा नव्हे, दोन-तीनदा काढावा. चमक आणण्यासाठी लावलेल्या सिलिकॉनच्या पॉलिशचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. त्यानंतर बारीक वॉटर पेपरने पाण्यासह घासावे. जाड कागदाने पॉलिप्रॉपिलीनची लव उठते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. उग्र थिनर नको. एबीएसला तर त्याने बारीक तडे जातात.

मग येतो तो थर, जो बहुतेक ठिकाणी गाळला जातो: पॉलिप्रॉपिलीनसाठी असलेला खास प्लास्टिक प्रायमर. त्यात क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असते. ते एका बाजूने प्लास्टिकला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरते. पत्र्याचा प्रायमर येथे उपयोगी नाही. हा थर अगदी पातळ द्यावा आणि डब्यावर सांगितलेल्या अवधीतच पुढचा रंग मारावा. लांबी भरण्याचा मोह बंपरवर टाळावा. बंपर वाकतो, साधी लांबी वाकत नाही. भाग सावलीत, कोरड्या हवेत रंगवावेत. कोकणपट्टीत हे काम पावसाळ्यात काढूच नये.

आधी मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर हा सारा प्रयोग करावा. रंग पूर्ण वाळल्यावर ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यांवर चिकटपट्टी दाबावी व झटक्याने ओढावी. चौकटी पट्टीबरोबर आल्या, तर गाडीवरचा रंगही येणार. हजारो रुपये खर्चण्यापूर्वी ही दहा मिनिटांची परीक्षा कोणत्याही गॅरेजला परवडते.

दोन डब्यांच्या रंगाविषयी मात्र कठोरपणे सांगणे भाग आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. १९८४ साली भोपाळमध्ये सुटलेला वायू याच रासायनिक कुळातला होता. हार्डनरमधले द्रव्य निराळे आणि तितके उडून जाणारे नव्हे, तरी गनमधून त्याचा फवारा श्वासात गेला की कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अल्प मात्राही सोसत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर हा रंग गनने मारू नये आणि मालकानेही तो मागू नये. हार्डनर नसलेला एका डब्याचा रंग कमी टिकतो. कारागिराची छाती त्याहून अधिक काळ टिकायची असते. त्या रंगालाही मोकळी हवा आणि बाष्प अडवणारा मुखवटा हवाच.

दिवे आणि परावर्तक पट्ट्या झाकल्याशिवाय गन हातात घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

प्लास्टिक नुसते फिकटले असेल आणि गाडी रोज क्रेट चढवण्या-उतरवण्याच्या कामाची असेल, तर रंगाच्या भरीस न पडणेच शहाणपणाचे. क्रेटचा एक ओरखडा रंगाखालचे प्लास्टिक उघडे करतो, आणि पापुद्रा तेथूनच सुटू लागतो. स्वच्छ धुऊन प्लास्टिकसाठीचे काळे द्रव्य कापडाने चोळले तर काही महिने काळेपणा राहतो. तो गेला की पुन्हा चोळता येते, खरवडावे काही लागत नाही.