बालकाचे प्राण आणि ज्ञातीचे ऋण



आम्ही पस्तीस वर्षे मास्तरकी केली. ज्ञातीच्या वर्गणीची पावती मात्र दरवर्षी कुरकुरतच घेतली. गेल्या भर पावसाळ्यात आमची नात पोलादपुरास आठव्याच महिन्यात जन्मली; वजन अवघे दीड किलो. महाडच्या डॉक्टरांनी तिला तातडीने मुंबईस नेण्यास सांगितले. त्या रात्री ज्ञातिबंधूंनी गाडी आणली, गावकीची परळची खोली आम्हांस उघडून दिली. भगिनींनी आळीपाळीने बाळंतिणीचा डबा पुरविला. वीरेश्वरास आम्ही साकडे घातले होते. तो या माणसांच्या रूपानेच धावला, अशी आमची श्रद्धा आहे. आईच्या उबेने व दुधाने नात वाढली.

परंतु ज्यांना मुंबई गाठता येत नाही, त्यांचे काय? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजातांची शुश्रूषा शिकविली; तेथे नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या वाडीवाडीतही अशी एक तरी भगिनी तयार व्हावी. त्या कार्यास एका महिन्याचे निवृत्तिवेतन अर्पून आम्ही आपली रजा घेतो.