जस्ताचा आकडा मागा
(इंझोरी येथील बैठकीत केलेले भाषण)



आज कापसाचा भाव बाजूला ठेवून पत्र्यावर बोलणार आहोत. हसू नका. कोठ्यावरचा पत्रा, रोही आणि रानडुकरांसाठी ओढलेली काटेरी तार, पाण्याचा पाइप, बादली, सगळे जस्त चढवलेले लोखंड. कापूस विकून आलेला पैसा यात जातो. पण त्यात जस्त किती, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

लोखंडाला थर देणे आपल्याला नवे नाही. लोहार कुऱ्हाडीच्या मऊ लोखंडाला पोलादाची धार बसवतोच. जस्ताचे काम मात्र वेगळे. नागपूरजवळ कळमेश्वरला कारखान्यात पत्रा वितळलेल्या जस्तातून काढतात. ते जस्त साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेले असते. तिथे लोखंड आणि जस्त यांचा सांधाच जुळतो, नुसता वरून रंग बसत नाही. पुढे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. तेलाच्या डब्याला कथील असते, तिथे उलटे. ओरखडा पडला की आधी लोखंडच खाल्ले जाते. डबा म्हणूनच लवकर सडतो.

मग आपण फसतो कुठे? चमकेला. आय. एस. २७७ हे पत्र्याचे मानक आहे. त्यात १२० म्हणजे एका चौरस मीटर पत्र्यावर, दोन्ही बाजू मिळून, १२० ग्रॅम जस्त. २७५ म्हणजे २७५ ग्रॅम. सारख्या हवेत पत्रा किती वर्षे टिकणार हे बहुतेक या जस्तावरच ठरते, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. पण २७५ चा थरसुद्धा एका बाजूला मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा. डोळ्याला काय दिसणार?

आम्हीच काही जणांनी मिळून एका शेडला पत्रा घेतला. "कंपनीचा माल आहे, डोळे झाकून न्या," म्हणाला दुकानदार. आम्ही झाकले! तिसऱ्या पावसाळ्यात तांबूस डाग. बिलावर लांबी, जाडी, वजन सगळे होते, जस्ताचा आकडा नव्हता. भांडायला कागदच नाही.

आपला कापूस सी.सी.आय.च्या केंद्रावर गेला की ओलावा ८ टक्क्यांवर पैसे कापतात, १२ च्या वर गाडी परत. एकाधिकार खरेदीत ग्रेडर बोंड चोळून ग्रेड ठरवायचा. आपला माल मोजून घेतात, तर आपणही मोजून घ्यायला पाहिजे. जस्ताचा आकडा बिलावर लिहून घ्या. तारेचाही विचारा. लिहायला तयार नसेल तर दुसरे दुकान पाहा.

घेतलेला पत्रा सांभाळायचा कसा, तेही ऐका. ओले पत्रे एकावर एक चिकटवून ठेवू नका, मधे पांढरी बुकणी धरते आणि जस्त जाते. खताची पोती पत्र्याला टेकवू नका. कोठ्यात गोमूत्राचा ओलावा बसतो तिथे खालचा हातभर भाग विटांचा करा. चुलीच्या धुराड्याला जस्ती पत्रा नको. दोनशे अंशांच्या वर थर सुटू लागतो, ४२० ला जस्त वितळते. वेल्डिंग केले की सांध्यावरचे जस्त जळून जाते, तिथे जस्ताचा रंग लावून घ्या. आणि वेल्डिंग उघड्यावर करा, तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.