कोल्हापूर ते तिरुपती : तास घरापासून मोजू

बालाजीला जायचं यावर सगळ्यांचं एकमत झालंय. वाद आहे तो हरिप्रिया एक्सप्रेसने जायचं की विमानाने, याचा. म्हणून आज जरा हिशोब मांडू.

नकाशावर कोल्हापूरपासून तिरुपतीपर्यंत दोरा ताणला, तर सरळ अंतर भरतं साधारण ६५० किलोमीटर. विमान जवळजवळ या दोऱ्यावरून जातं. रेल्वे मात्र मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल असा वळसा घेते, म्हणून तिचं अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. आपल्या उजळाईवाडीसारख्या विमानतळांवर पंख्यांची छोटी विमानं येतात. त्यांचा वेग तासाला सुमारे ५०० किलोमीटर. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून दीड ते पावणेदोन तास. गाडीला लागतात वीस-एकवीस तास.

पण आपण काही धावपट्टीवर राहत नाही! गारगोटीच्या बाजूने उजळाईवाडीला यायला दीड-दोन तास. उड्डाणाआधी दोन तास तिथं हजर राहायचं. उतरल्यावर बॅगा मिळेपर्यंत अर्धा तास. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला आहे, तिथून गाव पंधराएक किलोमीटर, आणि तिरुमलाचा घाट पुढे वेगळाच. म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून तिरुपतीपर्यंत सात-आठ तास धरा. रेल्वेने हाच हिशोब चोवीस तासांवर जातो. आणि दर्शनाच्या रांगेत विमानाचं तिकीट चालत नाही, तिथं सगळ्या सारख्याच.

मग वाचतं काय? जाताना एक रात्र, येताना एक रात्र. ज्यांच्या दावणीला दोन म्हशी आहेत आणि धार काढायला दुसरं कोणी नाही, त्यांनाच या दोन रात्रींची किंमत कळते. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनाही. बाकीच्यांनी सरळ हरिप्रियाने जावं, डब्यात भजन तरी होईल. सगळ्यांनी एकाच वाहनाने जायलाच हवं असं कुठे आहे? आमच्या मते जाताना रेल्वे आणि येताना विमान, हेही चांगलं जमेल. थकवा परतीलाच असतो. मात्र दर्शन आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. पैसे गटाच्या बचतीतून काढायचे नाहीत, ती कर्जवाटपासाठी आहे. प्रवासाची भिशी वेगळी.

विमानांची वेळापत्रकं उन्हाळ्या-हिवाळ्याला बदलतात, आणि थेट विमान रोज असेलच असं नाही. हैदराबाद किंवा बेंगळुरूला बदलायचं असेल, तर वरचा हिशोब विसरा; सगळा दिवस तिथंच जातो.

आणखी एक. तिकिटावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव एकच लागतं. आपल्यात कितीजणींच्या कार्डावर अजून माहेरचं नाव आहे आणि गावात सगळे हाक मारतात अक्का! नाव जुळलं नाही, तर दारातच अडवतात. अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका, काढून घेतील. तो मोठ्या बॅगेत टाका. त्या बॅगेलाही वजनाची मर्यादा असते, बहुधा १५ किलो. लाडवांचे डबे आधीच तोलून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आधार कार्ड आणावं. नावं तिथंच वाचून बघू, तिकिटं त्यानंतर.