सामायिक कोठार आणि जुना संगणक



या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो, ते युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके चाळून आणि जाणत्या माणसांना विचारून. संगणकही असाच शिकलो. तेव्हा आजचा विषय आम्हांला पेलेल तेवढाच घेतला आहे. जुन्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवले की पुष्कळदा ते सुरूच होत नाही, आणि पडद्यावर ‘अमुक लायब्ररी सापडली नाही’ असा संदेश येतो. तो संदेश काय सांगतो आणि त्यावर उपाय कोणता, एवढेच आज सांगायचे आहे.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. परंतु आज कामगाराची हजेरी, पगाराचा हिशेब, पेन्शनचा अर्ज हे सारे त्या पेटीतून जाते. पेटी अडली की माणूस अडतो. आणि दर चार वर्षांनी नवी पेटी घेण्याची ऐपत ना आमच्या कचेरीची आहे, ना या गावातल्या बहुतेक घरांची. म्हणून संदेश वाचता येणे ही गरिबाच्या दृष्टीने पैशांची गोष्ट आहे.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडात केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. प्रत्येक हिशेबात तीच ती कामे पुन्हा पुन्हा लागतात: वर्गमूळ काढणे, आकडे छापणे. ती दर वेळी नव्याने का लिहावीत? म्हणून विल्क्स, व्हीलर आणि गिल या मंडळींनी अशा कामांच्या तयार सूचना कागदी फितींवर भोके पाडून ठेवल्या, आणि त्या फिती एका पोलादी कपाटात ओळीने लावल्या. ज्याला जी फीत लागेल तिची नक्कल त्याने आपल्या फितीत उतरवून घ्यावी. या कपाटाला लायब्ररी म्हणत. नाव तेथून आजवर टिकले.

पुढे प्रोग्रॅम वाढले. प्रत्येकाने आपापली नक्कल बाळगायची तर जागा फार खर्ची पडते. शिवाय मूळ फितीत दोष निघाला तर शंभर नकला शोधून दुरुस्त कराव्या लागतात. म्हणून सामायिक लायब्ररीची पद्धत आली. कोठार एकच, त्यातून सर्वांनी घ्यायचे. जुन्या कापडगिरण्यांत एक लांब शाफ्ट छताखालून फिरत असे आणि त्यावरून पट्ट्यांनी अनेक माग चालत, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. तसेच हे आहे. एका शाफ्टला तेल घातले की सगळ्या मागांचे काम होते. पण शाफ्ट मोडला की सगळे माग एकदम थांबतात. सामायिकपणाचा लाभ आणि सामायिकपणाचे भय एकाच ठिकाणी राहतात.

असे कोठार चालते ते करारावर. आम्ही उभी हयात करार करण्यात घालवली, म्हणून आम्हांला ही गोष्ट लवकर उमगली. लायब्ररी म्हणते, ‘या नावाने मला हाक मारा, मी ही ही कामे करून देईन.’ प्रोग्रॅम त्या भरवशावर बांधला जातो. लिनक्सवर तर कराराचा अंक नावातच घालतात. ओपन-एसएसएल म्हणून सांकेतिक भाषेची एक लायब्ररी आहे. तिच्या एका पिढीचे नाव ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये निघालेल्या पुढच्या पिढीचे ‘लिबएसएसएल.एसओ.३’. नवी कलमे नुसती वाढली तर नाव तेच राहते. जुने कलम रद्द झाले किंवा त्याचा अर्थ बदलला, तर नाव बदलावे असा दंडक आहे. म्हणजे नाव बदलले याचा अर्थ करार बदलला.

आता संदेश आला असता काय करावे? आम्ही तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: मागितले काय आहे? संदेशात फाइलचे पुरे नाव असते, ते अंकासकट कागदावर उतरवून घ्यावे. लिनक्सवर ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी देते, आणि जी नाही तिच्यापुढे ‘सापडली नाही’ असे लिहिते. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रॅमवर ही आज्ञा चालवू नये, कारण तीत तो प्रोग्रॅमच चालू होण्याचा संभव असतो. त्या वेळी ‘रीडएल्फ’ हे साधन वापरावे. ते प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचते. नाव कळले की आपल्या सिस्टिमच्या अधिकृत भांडारातून ती लायब्ररी घ्यावी. निम्मी भांडणे येथेच मिटतात.

दुसरा प्रश्न: वस्तू घरातच असून सापडत नाही असे आहे काय? शोधणारा ठरलेल्या फडताळांतच शोधतो. लायब्ररी दुसऱ्या फोल्डरमध्ये बसली असेल, तर त्या जागेची नोंद करून ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली म्हणजे सूची नवी होते. कधी लायब्ररी असते, पण वेगळ्या मापाची. प्रोग्रॅम ३२ बिटांचा आणि लायब्ररी ६४ बिटांची असेल, तर नाव जुळूनही उपयोग नाही. विंडोजवरही हीच गंमत होते. यंत्र ६४ बिटांचे असले तरी ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ३२ बिटांचीच लायब्ररी लागते.

तिसरा प्रश्न: वस्तू आहे, पण आवृत्ती जुनी आहे काय? जुन्या संगणकावर हा प्रसंग वारंवार येतो, आणि माणसे येथेच धीर सोडतात. आमच्या कचेरीतलाच दाखला देतो. तेथे पंधरा वर्षांचा एक संगणक आहे, त्यावर २०२१ साली निघालेले डेबियन ११ हे लिनक्स चालते. निवृत्त झालेल्या २३ कामगारांच्या थकबाकीची सुनावणी चार दिवसांवर आली होती. हिशेबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली, तर संदेश आला: ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही.’ एका दुकानदाराने पाहिले न पाहिले आणि सांगितले, ‘काका, यंत्र भंगारात काढा.’ कचेरीत जमलेली म्हातारी माणसे आमच्या तोंडाकडे पाहू लागली.

यंत्रात बिघाड नव्हता. जीलिबसी ही लिनक्सवरची पायाभूत लायब्ररी. साध्या फाइलची नक्कल करण्यापासून जवळजवळ प्रत्येक काम तिच्यातून होते. तिचे नाव ‘लिबसी.एसओ.६’ हे १९९७ पासून बदललेले नाही, कारण तिचे कर्ते जुने कलम रद्द करत नाहीत, नवे कलम तारीखवार खाली जोडतात. म्हणून जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर बहुधा चालतो. उलट मात्र होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये २.३४ ही आवृत्ती निघाली, आणि तीत प्रोग्रॅम सुरू करून देणारे अगदी पहिले कलमच नव्याने लिहिले गेले. त्यामुळे त्या आवृत्तीवर किंवा तिच्यानंतर नेहमीच्या पद्धतीने बांधलेला साधासुधा प्रोग्रॅमसुद्धा दाराशीच २.३४ मागतो. आमच्या डेबियन ११ कडे होती २.३१. म्हणजे पाहुण्याने मागितलेला पदार्थ त्या घरात अजून शिजलाच नव्हता, एवढाच त्या संदेशाचा अर्थ.

उपाय काय केला? त्याच प्रोग्रॅमची, जुन्या पायावर बांधलेली आधीची आवृत्ती कर्त्यांच्याच भांडारात होती. ती उतरवून घेतली. प्रोग्रॅम सुरू झाला, २३ जणांचे हिशेब छापून निघाले आणि सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी कागद वकिलांच्या हाती पडले. नव्या यंत्राचे पैसे वाचले, ते त्या माणसांच्या प्रवासखर्चाला लागले.

अशी आवृत्ती न मिळाली तर आणखी दोन वाटा आहेत. फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीत प्रोग्रॅम आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो. जागा जास्त लागते, पण घरच्या कोठारावर भार पडत नाही. दुसरी वाट म्हणजे सगळी सिस्टिमच पुढच्या आवृत्तीवर नेणे. डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे. जुनी आवृत्ती धरून बसणे हा कायमचा तोडगा नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. डेबियन ११ च्या दीर्घ देखभालीची मुदत ऑगस्ट २०२६ अखेरपर्यंतच ठरवलेली आहे. देखभाल संपलेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. आणि ज्यांचे यंत्र ३२ बिटांचेच आहे, त्यांना डेबियन १२ च्या पुढे जाता येणार नाही, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तशा यंत्रांसाठी बसवणीची सोयच ठेवलेली नाही.

आता काय करू नये ते सांगतो. एक, खोटी सही करू नये. लिबएसएसएल १.१ मागितली आणि घरी ३ आहे, म्हणून ३ लाच १.१ चे नाव देणारे महाभाग आहेत. अशाने प्रोग्रॅम बहुधा दारातच आडवा पडतो, आणि दारातून आत गेलाच तर भर कामात पडतो. हिशेबाच्या कामात ते अधिक वाईट. शिवाय १.१ ची सार्वजनिक देखभाल ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपली आहे. तेथे प्रोग्रॅमच्या कर्त्याकडेच नवी बांधणी मागावी. दोन, शाफ्ट हाताने उपटू नये. दुसऱ्या सिस्टिमची लिबसी आणून आपल्या लिबसीच्या जागी ठेवली, तर ज्या आज्ञांनी ती परत काढायची त्या आज्ञाही बंद पडतात. तीन, चोरबाजारातून माल आणू नये. विंडोजवर ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल नाही’ असा संदेश आला की लोक कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून ती एकच फाइल उतरवतात. त्या फाइलीत काय भरले आहे कोणास ठाऊक! ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ च्या मोफत संचात मिळते. पुरा संच तेथूनच घ्यावा.

श्रोतेहो, शेवटी एकच मुद्दा. हा करार दुबळ्याने एकट्याने पाळायचा नसतो. प्रोग्रॅम बांधणाऱ्याने सर्वांत नव्या सिस्टिमवर बांधला, तर विशेष कारण नसताना हजारो चांगली यंत्रे बाद ठरतात. त्याने जरा जुन्या पायावर बांधला, तर तोच प्रोग्रॅम जुन्यावरही चालतो आणि नव्यावरही. हे स्वप्न नव्हे. पायथॉन भाषेच्या मंडळींनी २०१६ साली ‘मेनीलिनक्स’ नावाचा लेखी नियम केला. तयार बांधणी ठरलेल्या जुन्या पायावर करायची, म्हणजे ती बहुतेक लिनक्सवर चालेल. पुढे जीलिबसीचा अंकच बांधणीच्या नावात घालण्याची रीत त्यांनी पाडली. ‘२_१७’ लिहिले असेल, तर २.१७ किंवा तिच्या पुढची जीलिबसी असलेल्या कोणाही घरी तो पाहुणा जेवेल. अट आधीच सांगितलेली, दारावर लिहिलेली. कारखान्यात आम्ही याहून वेगळे काय मागत आलो? अट बदलायची तर सांगून बदला, आणि जो मागे राहिला आहे त्याला गाठता येईल एवढी मुदत द्या.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या पडद्यावर असा संदेश आला, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी त्यातले नाव आणि अंक वाचा. कोणी काय मागितले, घरात काय आहे, हे समजले की मार्ग दिसतो. आणि प्रोग्रॅमच्या कर्त्याला एक पत्रही लिहा: ‘आमचे यंत्र जुने आहे, पण चालू आहे, आमच्यासाठीही बांधा.’ अशी पत्रे एकाने लिहून भागत नाही. ती पुष्कळांनी लिहावी लागतात, आणि ते काम आम्हांला थोडेफार ठाऊक आहे.