पुरा गावचा दिवा



मी तंत्रज्ञ नाही, अनुवादक आहे. ‘विद्युतीकरण’ हा शब्द मी अनेकदा लिहिला. त्याचा अर्थ मात्र याच बंगळूर शहरातील एका प्रयोगाची हकीकत वाचताना उमगला.

येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्यकुमार रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. या मंडळींनी तुमकूर जिल्ह्यातील पुरा या खेड्यात सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभारले. गावातील चुलींना गॅस पुरवावा, हा मूळ हेतू. परंतु सर्वांच्या स्वयंपाकास पुरेल इतका गॅस मिळेना, आणि गावाचा उत्साह मावळला. तेव्हा ग्रामस्थांनाच विचारण्यात आले. त्यांची पहिली मागणी होती पिण्याच्या पाण्याची.

१९८७ सालापासून त्या गॅसवर वीज होऊ लागली. डिझेल इंजिनात केवळ दाबाने हा गॅस पेट घेत नाही. म्हणून त्याच्या जोडीला थोडे डिझेल द्यावे लागते. अशा दुहेरी इंधनावरील इंजिनाने जनित्र फिरविले, पाण्याचा पंप चालविला आणि घरांत दिवे लावले. शेण आणून देणाऱ्यास किलोमागे २ पैसे मिळत, शिवाय गॅस काढून घेतलेले शेण खतासाठी परत मिळे. शेण आले नाही तर नळही कोरडा, हे प्रत्येकास ठाऊक होते. प्रत्येकाचे हित आणि गावाचे हित येथे एकाच दाव्याला बांधले गेले.

आज अशा संयंत्रांना सौरविजेची जोड देता येते. सूर्य मावळला की सौरपट थांबतात. गॅस मात्र साठवून रात्री वापरता येतो. दोन ऊर्जास्रोतांची सांगड घालण्याचे मर्म हेच.

२०१८ सालच्या एप्रिलमध्ये देशातील प्रत्येक गावी वीज पोहोचल्याचे सरकारने जाहीर केले. त्या व्याख्येप्रमाणे गावातील १० टक्के घरे व सार्वजनिक स्थाने जोडली गेली, की गावाचे विद्युतीकरण झाले. उरलेल्या घरांतील अंधार त्या शब्दात मावत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच, की एखाद्या दुर्गम पाड्यावर संयंत्र उभारण्यापूर्वी तेथील माणसांना, विशेषतः पाणी वाहणाऱ्या स्त्रियांना, त्यांची निकड विचारावी. पुऱ्यात हा प्रश्न उशिरा विचारला गेला; तो विचारल्यावरच तेथे दिवा लागला.