यंत्राची सोबत आणि माणसाचे मन



कोसाडसारख्या वस्तीत राहणाऱ्या माणसाने यंत्र आणि मन यांच्या नात्यावर बोलावे, यात आपणांस नवल वाटू नये. खानदेशातून सुरतेस आलेल्या आपल्या कितीतरी माणसांनी यंत्रमागापुढे उभे राहून संसार केले. मागाच्या आवाजातला किंचितसा फरक ओळखणारा आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालणारा कारागीर यंत्राशी नाते जोडतोच. पण माग आपले मन जाणतो, असे तो मानीत नाही. कथेतले यंत्र मात्र बोलते, ऐकते, जाणल्याचा आभास निर्माण करते. तेथे माणसाच्या मनाचा चिवटपणा पणास लागतो.

या दृष्टीने जर्मन लेखक हॉफमन यांची 1816 सालची ‘सॅण्डमॅन’ ही कथा मला फार मोलाची वाटते. तिचा नायक नाथानेल आपली कविता वाग्दत्त वधू क्लारा हिला वाचून दाखवतो. ती स्पष्टवक्ती, हे आगीत टाक, म्हणते. संतापलेला नाथानेल तिलाच निर्जीव यंत्र म्हणून झिडकारतो! पुढे तो ऑलिंपियावर लुब्ध होतो. ती खरोखरीची कळसूत्री बाहुली. तो तासन् तास वाचीत राहतो; ती विणकाम करीत नाही, खिडकीबाहेर पाहत नाही, केवळ एक उसासा टाकते. त्या उशाशात त्याला अथांग अर्थ दिसतो. बाहुली मोडते तेव्हा त्याचे मनही मोडते, आणि अखेर तो मनोऱ्यावरून उडी घेतो. क्लारा मात्र काही वर्षांनी पती व दोन मुलांसह सुखात दिसल्याचे लेखक सांगतो. फ्रॉइडने 1919 मध्ये या कथेची चिकित्सा करताना डोळे गमावण्याच्या भयावर भर दिला आणि बाहुलीला गौण ठरवले. मला ती गौण वाटत नाही. नाथानेलला कोसळवले ते यंत्राच्या दुष्टपणाने नव्हे, त्याच्या अखंड होकाराने. ज्याला कोणी नाकारीतच नाही, त्याचे मन नकार पचवायला शिकणार कोठे?

आपल्याकडे अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त राज्यधर नावाचा सुतार रंगवला आहे. परागंदा झालेला हा कारागीर एका ओसाड नगरीत लाकडी नागरिक घडवून राहतो. व्यापारी, गणिका, द्वारपाल, सारे हिंडतात-फिरतात. वाणी नाही एवढ्यावरूनच ते निर्जीव ठरतात. पण राजपुत्र नरवाहनदत्त तेथे येताच राज्यधर आसनावरून उठून त्याचे स्वागत करतो, आपली हकीकत सांगतो आणि त्याच्या पुढील प्रवासासाठी विमानही देतो. एवढ्या एकांतातही लाकूड कोणते आणि माणूस कोण, हा विवेक त्याने गमावलेला नाही.

मराठीत डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत प्रश्न उलटा होतो. लुप्त संस्कृतीच्या ज्ञानावरून घडवलेला वामन आज्ञाधारक बाहुली नाही. त्याला स्वतःचे हेतू आहेत. आपल्याच बुद्धीच्या या अपत्याविषयी सावध होणे त्याच्या निर्मात्यांना भाग पडते. नाथानेलला ही कठोर शाळा लाभली नाही.

हे सारे आता केवळ कथेत उरलेले नाही. 1966 मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्याशी बोलताना त्यांच्याच सचिव बाईंनी त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले होते. आज रात्रपाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या, घर दूर राहिलेल्या तरुणाच्या हातातील फोन त्याहून कितीतरी गोड बोलतो. त्या बोलण्याने त्याची एक रात्र सुसह्य झाली तर मी त्याला हसणार नाही. सकाळी गावाकडे आईला फोन लावताना तिची कुरकुर त्याला सोसवते का, एवढेच मी पाहीन.

दिवसभर मुक्या यंत्रापुढे उभा असलेला आणि रात्री बोलक्या यंत्राशी बोलणारा हा माणूस मराठी कथेत मला अद्याप भेटलेला नाही. त्याला लिहिण्याचे साहित्य सुरतेच्या मराठी माणसाजवळ आहे. या ग्रंथालयाच्या वाचकांपैकी कोणी ती कथा लिहिली, तर तिचा पहिला वाचक होण्याची माझी इच्छा आहे.